सिरॅमिकचे दात आणि लाईटने पक्कं होणारं सिमेंट: पेशंट नेहमी विचारतात ते प्रश्न

मालवणच्या पट्ट्यात गेली बरीच वर्षं मी दातांचा दवाखाना चालवते. व्हिनिअर (दाताच्या पुढच्या अंगावरचं पातळ कवच), ऑनले (दाढेच्या वरचा झिजलेला भाग झाकणारा तुकडा) किंवा सिरॅमिकची कॅप बसवायची ठरली की पेशंट खुर्चीत बसल्या बसल्या जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे घाईने सांगून भागत नाही. मला मुळात एकच गोष्ट पटवायची आहे. सिरॅमिकचा दात किती वर्षं टिकणार हे लॅबमध्ये जेवढं ठरतं, त्याहून जास्त तो चिकटवतानाच्या तासाभरात ठरतं. आणि त्या तासाभरात दात कोरडा राहिला पाहिजे.

कॅप "बसवणं" आणि "चिकटवणं" यात फरक काय? पूर्वी तर काचेवर पावडर-लिक्विड कालवून लगेच बसवायचे.

तेव्हाच्या कॅप धातूच्या असायच्या. दात चारी बाजूंनी घासून त्याला असा आकार द्यायचा की कॅप त्यावर डब्याच्या घट्ट झाकणासारखी बसली पाहिजे. पकड त्या आकाराची असायची. झिंक फॉस्फेट किंवा ग्लास आयोनोमर सिमेंट मधली फट तेवढी भरून काढायचं. आजही धातूच्या आणि बऱ्याचशा झिर्कोनियाच्या (हे एक फार कणखर पांढरं सिरॅमिक) कॅप अशाच बसवता येतात, त्यात कमीपणा काही नाही.

व्हिनिअरचं तसं नाही. ते जेमतेम ०.३ ते ०.७ मिलिमीटर जाडीचं असतं आणि दाताच्या फक्त पुढच्या अंगाला लागतं. झाकणासारखं धरायला तिथे काही नसतंच. ते जे टिकतं ते निव्वळ चिकटण्यावर. शिवाय पातळ सिरॅमिक हातात असताना अगदी नाजूक असतं, पण दाताला एकजीव झालं की दात आणि ते मिळून भार घेतात. घरात फरशी बसवून घेतली असेल तर हे लगेच कळेल. खाली माल नीट भरलेली फरशी वरून कपाट ओढलं तरी तडकत नाही, आणि पोकळ वाजणारी फरशी एक दिवस वरवंटा पडल्याचं निमित्त होऊन फुटते. दोष वरवंट्याचा नसतो.

पण सिरॅमिक म्हणजे काचेसारखं गुळगुळीत. त्याला सिमेंट धरतं कसं?

आपल्याकडचा जांभा चिरा बघा. त्याला भोकंच भोकं. चुन्याचा किंवा सिमेंटचा माल त्या भोकांत शिरतो, आत वाळतो आणि मग सुटत नाही. सिरॅमिकच्या आतल्या बाजूला आम्ही तेच करतो, फक्त भोकं डोळ्यांना न दिसणारी असतात.

त्यासाठी हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड लागतं. सिरॅमिकमध्ये काचेचा भाग असतो आणि स्फटिक असतात. हे अ‍ॅसिड काच खातं, स्फटिक मागे राहतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती जागा जांभ्यासारखीच दिसते. लिथियम डायसिलिकेट नावाचं सिरॅमिक असेल तर ५ टक्क्यांचं अ‍ॅसिड २० सेकंद पुरतं. जुन्या पद्धतीच्या फेल्डस्पारच्या सिरॅमिकला ९-१० टक्क्यांचं अ‍ॅसिड, एक मिनिट किंवा त्याहून थोडं जास्त. "जास्त वेळ ठेवलं तर जास्त धरेल" हा हिशोब इथे चुकतो. जास्त खाल्लं गेलं की सिरॅमिकच कमजोर होतं.

मग सायलेन लावायचं. पाण्यासारखं दिसणारं हे द्रव्य एका टोकाने काचेला रासायनिक बंध जोडतं आणि दुसऱ्या टोकाने रेझिनमध्ये, म्हणजे आमच्या सिमेंटमधल्या घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रव्यात, गुंफलं जातं. नुसत्या भोकांवर विसंबायचं नाही म्हणून हे.

ही विद्या तशी फार जुनी नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात चार्ल्स पिंकस नावाच्या दंतवैद्याने हॉलिवूडच्या नटनट्यांसाठी पातळ कवचं तयार केली होती, पण ती कवळी चिकटवायच्या पावडरने शूटिंगपुरती लावायची आणि काढून ठेवायची. कायमची चिकटवायची युक्तीच तेव्हा नव्हती. १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर यांनी दाताच्या इनॅमलला, म्हणजे बाहेरच्या कडक थराला, फॉस्फोरिक अ‍ॅसिड लावून त्यावर रेझिन पक्कं धरतं हे दाखवलं. धातूला रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत हे अ‍ॅसिड वापरत, तिथून त्यांना हे सुचलं. १९६२ मध्ये राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए या रेझिनचं पेटंट घेतलं. आजच्या बऱ्याच फिलिंगचा आणि सिमेंटचा पाया अजून तोच आहे. आणि १९८३ च्या सुमारास सिरॅमिकलाही अ‍ॅसिड लावून ते चिकटवता येतं हे पुढे आलं, तेव्हा कुठे पिंकस यांची कवचं कायमची राहू लागली. दाताची बाजू आणि सिरॅमिकची बाजू यांची गाठ पडायला जवळपास तीस वर्षं गेली.

अ‍ॅसिड! तोंडात? दुखेल ना?

हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड तोंडात जात नाही. ते काम तुमच्यापासून लांब, वेगळ्या टेबलावर, हातमोजे आणि चष्मा घालून होतं. ते खरोखर घातक आहे. कातडीला लागलं तर सुरुवातीला फारसं जाणवत नाही आणि आत खोलवर इजा करतं. म्हणून जवळ कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल ठेवावी लागते.

तुमच्या दाताला लागते ती ३५-३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिडची जेल, बहुतेक निळ्या रंगाची. इनॅमलवर १५ ते ३० सेकंद, इनॅमलच्या आतला थर, म्हणजे डेंटिन, उघडा असेल तर १५ सेकंदांच्या वर नाही. दुखत नाही. चुकून जिभेला लागली तर आंबट लागते, इतकंच. धुऊन वाळवलं की इनॅमल पांढुरकं, अपारदर्शक दिसायला लागतं. वाळूत लाटांनी घासून घासून गुळगुळीतपणा गेलेला बाटलीचा तुकडा सापडतो ना, हुबेहूब तसं. ते पांढुरकेपण दिसलं की मला हायसं वाटतं, कारण तोच पुरावा असतो. मग तिथे थुंकीचा एक थेंबही लागता कामा नये. लागला तर पुन्हा पहिल्यापासून.

तुम्ही दात फार कमी घासलात. दुसरीकडे मैत्रिणीचे पार बारीक केले होते. काम नीट होईल ना?

कमी घासले म्हणूनच नीट होईल. इनॅमल जवळपास सगळं खनिज असतं, कोरडं करता येतं आणि त्यावरची पकड वर्षानुवर्षं टिकते. त्याखालच्या डेंटिनमध्ये पाणी असतं, कोलॅजनचे धागे असतात, सूक्ष्म नळ्या असतात. त्यावरही चिकटतं, पण ती पकड काळाबरोबर ओलाव्याने सैल होत जाते. व्हिनिअरचा काठ सगळीकडून इनॅमलवर असेल तर मी रात्री निवांत झोपते.

किडीमुळे किंवा जुन्या फिलिंगमुळे डेंटिन उघडं पडलंच तर मी मोजमाप घेण्याआधी, त्याच दिवशी त्यावर बाँडिंगचा, म्हणजे दाताला धरणाऱ्या पातळ रेझिनचा, थर चढवून बंद करते. ताज्या कापलेल्या डेंटिनवर हा थर जास्त चांगला धरतो, आणि मधल्या दिवसांत दात ठणकतही नाही.

निळ्या लाईटनेच का पक्कं करायचं?

त्या सिमेंटमध्ये कॅम्फरक्विनोन नावाचं द्रव्य असतं. ते निळा प्रकाश शोषून घेतं, ४६८ नॅनोमीटरच्या आसपास सर्वात जास्त, आणि मग रेझिनचे सुटे रेणू साखळीसारखे जोडले जायला लागतात. लाईट पडेपर्यंत सिमेंट मऊच राहतं. याचा मोठा फायदा असा की व्हिनिअर हलवून, काठ तपासून, समोरून-बाजूने बघून, मनासारखं बसेपर्यंत मला वेळ मिळतो.

दुसरा प्रकार ड्युअल-क्युअरचा. त्यात दोन पेस्ट एकत्र आल्या की लाईट नसतानाही आपोआप घट्ट व्हायला सुरुवात होते. अशा बऱ्याच सिमेंटमध्ये जी अमाइन नावाची द्रव्यं असतात ती पुढे पिवळसर पडू शकतात. मागच्या दाढेत ते कोण बघतंय. पण पुढच्या दातावर अर्ध्या मिलिमीटरच्या सिरॅमिकमागे सिमेंट पिवळं पडलं तर हसताना दिसतं. म्हणून पुढच्या पातळ व्हिनिअरसाठी मी निव्वळ लाईटचंच वापरते.

मग माझ्या दाढेच्या कॅपला ते का नाही वापरलंत?

कारण लाईट पोचला नसता. सिरॅमिक दीड-दोन मिलिमीटरच्या वर गेलं, किंवा गडद, अपारदर्शक असलं की पलीकडे जाणारा प्रकाश खूप घटतो. वरून सगळं चकचकीत दिसतं आणि आतलं सिमेंट अर्धवट कच्चं राहतं. कच्चं सिमेंट काही दिवस धरतं, मग झिरपायला लागतं, दात शिवशिवतो, आणि एक दिवस कॅप हातात येते. अशा ठिकाणी ड्युअल-क्युअर.

झिर्कोनियाची गोष्ट आणखी वेगळी. त्यात काचच नाही, त्यामुळे वर सांगितलेलं अ‍ॅसिड त्याचं काही करू शकत नाही. त्याला आतून ५० मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनाच्या कणांचा हलका फवारा मारावा लागतो आणि एमडीपी नावाचं, झिर्कोनियाला धरणारं द्रव्य असलेलं प्रायमर लावावं लागतं. "एकच सिमेंट सगळ्याला चालतं" असं कुणी सांगितलं तर दोन प्रश्न जास्त विचारा.

तो रबरचा पडदा लावलाच पाहिजे का? मला गुदमरल्यासारखं होतं.

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि इथेही घालवणार आहे.

तोंडातली हवा कायम दमट असते. तुम्ही नुसता श्वास सोडलात तरी त्याची वाफ दातावर धरते. चष्म्यावर हा करून बघा, तेवढीच वाफ. त्यात आपली हवा. जूनमध्ये पाऊस धरला की गणपतीपर्यंत दवाखान्यातल्या कागदांनासुद्धा कड राहत नाही, मिठाची बरणी पाणी सोडते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. अशा हवेत उघड्या तोंडात कापसाच्या वळकट्या ठेवून दात कोरडा ठेवला म्हणणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं आहे. रबर डॅम, म्हणजे हाच पडदा, लावला की दात तोंडाच्या बाहेर येतो, निदान ओलाव्याच्या हिशोबाने. थुंकी, जीभ, हिरडीतून येणारा ओलावा, श्वास, सगळं पडद्यामागे.

मी हे स्वतः चुकून शिकले. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात एका शिक्षिकेच्या वरच्या दातांना व्हिनिअर बसवत होते. त्यांना पडद्याने उमासे यायला लागले, शाळा सुटल्यावर आल्या होत्या, शेवटची गाडी गाठायची होती, आणि मी "ठीक आहे, आज कापसावर करू" म्हटलं. बाजूच्या दाताजवळची हिरडी किंचित सुजलेली होती. ते मला दिसलं होतं, तरीही थांबले नाही. चौथ्या महिन्यात त्या रुमालात गुंडाळून एक व्हिनिअर घेऊन आल्या. भाकरी तोडताना निघालं होतं.

मी ते भिंगाखाली धरलं. सिमेंट सगळंच्या सगळं व्हिनिअरच्या आत शाबूत होतं, आणि दात लख्ख स्वच्छ. याचा अर्थ अगदी सरळ आहे. सिमेंट सिरॅमिकला चिकटून राहिलं असेल तर चूक दाताच्या बाजूला झाली, म्हणजे ओलावा. सिमेंट दातावर राहिलं असतं आणि व्हिनिअर आतून कोरं निघालं असतं, तर चूक सिरॅमिकच्या तयारीत. माझ्या हातातल्या तुकड्याने मला स्पष्ट सांगितलं की लॅबचा, मालाचा, भाकरीचा कुणाचा दोष नाही. मी त्यांना तसंच सांगितलं, आणि पैसे न घेता पुन्हा बसवून दिलं. पडद्यासकट, उमासे येऊ नयेत म्हणून खुर्ची जरा सरळ ठेवून, नाकाने हळूहळू श्वास घ्यायची आधी सवय करून घेऊन. त्यानंतर ते हललेलं नाही.

तेव्हा पडदा लावायचा. खरंच गुदमरत असेल तर आधी पाच मिनिटं नुसता लावून बसू, नाकाचा श्वास जमतो का पाहू. सर्दी असेल तर तारीख पुढे ढकलू. "माका घाई आसा, डॉक्टर, काय होणा नाय" हे मी रोज ऐकते, आणि या एका बाबतीत नाही म्हणते. हिरडीला ओरखडा असेल, ब्रश करताना रक्त येत असेल, तरीही त्या दिवशी बसवत नाही. आधी सफाई, आठवडाभर नीट ब्रश, मग व्हिनिअर.

गणपतीला गावी आलोय. पाच दिवसांत होईल ना?

मुंबईहून येणारे चाकरमानी दरवर्षी हे विचारतात, आणि मला त्यांचं मन मोडायला आवडत नाही. पण हिशोब असा आहे. पहिल्या दिवशी तपासणी, फोटो, रंग जुळवणं. मग दात तयार करणं आणि माप घेणं. ते माप कोल्हापूरच्या लॅबला जातं, घाटात दरड नसेल तर. तिथे काम व्हायला आठवडा-दहा दिवस. मग फिटिंग, आणि त्यानंतर आठवड्याने एकदा तपासणी. म्हणजे दोन फेऱ्या धरा. गणपतीत माप, दिवाळीत फिटिंग असं केलं तर मध्ये फार अंतर पडतं, तात्पुरते दात तेवढे टिकत नाहीत. मे महिन्यात पंधरा-वीस दिवस येणार असाल तर तेव्हा करू. किंवा मुंबईतच सुरू करा. कुठे केलं यापेक्षा घाईत केलं का याला महत्त्व जास्त.

फिटिंगच्या दिवशी नेमकं काय काय होतं?

तात्पुरते दात काढून सफाई होते. तात्पुरत्या दातांसाठी मी लवंग तेलवालं, म्हणजे युजेनॉल असलेलं सिमेंट वापरत नाही, कारण युजेनॉल मागे राहिलं तर रेझिन नीट घट्ट होत नाही. मग व्हिनिअर एकेक करून बसतात का ते बघते. ट्राय-इन पेस्ट नावाची पाण्याने धुऊन जाणारी पेस्ट लावून तुम्हाला आरसा देते. हा आरसा खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बघायचा. सोबत घरातलं माणूस असेल तर त्यालाही बघू दे. नंतर मत बदललं तर उपाय महाग पडतो.

रंग पसंत पडला की ट्राय-इनची पेस्ट आणि तोंडातली थुंकी व्हिनिअरवरून काढून टाकायची. काही लॅब अ‍ॅसिड लावूनच पाठवतात, मग तोंडात तपासल्यावर तो पृष्ठभाग पुन्हा फॉस्फोरिक अ‍ॅसिडने स्वच्छ करावा लागतो. मी लॅबला सांगून ठेवलंय की हे काम माझ्यावर सोडा. तपासणी झाल्यावरच हायड्रोफ्लोरिक, धुणं, मागे राहिलेले पांढरे क्षार काढणं, सायलेन, वाळवणं.

मग पडदा, दाताला अ‍ॅसिड, बाँडिंग. आता डोक्यावरचा मोठा दिवा मी बाजूला वळवते. पेशंट विचारतात की अंधार का केलात. त्या दिव्यातही निळा प्रकाश असतोच आणि सिमेंट वेळेआधी आवळायला लागतं. सिमेंट लावून व्हिनिअर बोटाने हळूहळू दाबत नेलं की काठांतून चारी बाजूंनी जास्तीचं सिमेंट बाहेर येतं. ते सगळीकडून सारखं आलं पाहिजे. एखाद्या कोपऱ्यातून आलं नाही तर तिथे पोकळी आहे, काढून पुन्हा लावायचं.

मग लाईटचा अगदी छोटा झटका, दोन-तीन सेकंदांचा. सिमेंट मेणासारखं होतं, पुरतं दगड नाही. याच अवस्थेत काठाचं जास्तीचं काढायचं आणि दातांच्या फटीतून फ्लॉस ओढायचा, सरळ बाहेर, वर नाही, नाहीतर व्हिनिअर उचललं जाईल. हे दोन-तीन सेकंद म्हणजे सगळ्या कामाची नाडी. जास्त वेळ लाईट पडला तर फटीतलं सिमेंट कडक होऊन बसतं, आणि पुढे तिथेच हिरडी सुजते.

शेवटी काठावर ग्लिसरीनची जेल. हवेतला ऑक्सिजन सिमेंटचा वरचा थर घट्ट होऊ देत नाही. जेलने हवा अडली की काठही पक्का होतो. मग प्रत्येक बाजूने पुरेसा लाईट, साधारण २० ते ४० सेकंद, लाईटचं टोक दाताला जवळजवळ टेकवून. तुम्ही डोळे मिटायचे किंवा नारिंगी चष्मा घालायचा. त्या निळ्या प्रकाशाकडे टक लावून बघू नका.

मध्येच वीज गेली तर?

लाईटचं यंत्र बॅटरीवर चालतं, इन्व्हर्टर आहे, त्यामुळे काम थांबत नाही. पण बॅटरी जुनी झाली किंवा टोकाला सिमेंटचा डाग चिकटलेला असला की प्रकाशाची ताकद कमी होते, आणि डोळ्यांना तो तितकाच निळा दिसतो. म्हणून ती ताकद मापकाने तपासायची. माझ्याकडचं मापक १००० मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटरच्या खाली गेलं की मी त्या दिवशी कामच घेत नाही.

सोलकढीने, कोकमाने डाग पडतील का? आणि कुर्ल्या?

सिरॅमिकवर डाग जवळजवळ पडत नाही. डाग पडतो तो काठाच्या सिमेंटच्या बारीक रेषेवर, तोही काठ खडबडीत राहिला असेल तर. सोलकढी प्या, आमसूल खा, खाऊन झाल्यावर चूळ भरा.

कुर्ल्यांचे डेंगे मात्र दातांनी फोडायचे नाहीत. हे मी हात जोडून सांगते. अडकित्ता घ्या, वरवंटा घ्या, नाहीतर मुलाला फोडून द्यायला सांगा. तेच सुपारीचं, तेच काजूबियांचं, तेच मासेमारीची तंगूस दातांनी तोडण्याचं. होडीवर जाणाऱ्या एका काकांच्या पुढच्या दोन्ही दातांची टोकं केवळ तंगुसाने झिजलेली होती. त्यांना आधी कातर घ्यायला सांगितली, मग दाताला हात लावला.

मिश्रीबद्दल वेगळं बोलते, कारण आमच्याकडे अजून अनेक आज्या आणि वहिनी मिश्री लावतात आणि तिला तंबाखू समजत नाहीत. ती भाजलेली तंबाखूच आहे. रोज घासल्याने हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, आणि कर्करोगाचा धोका आहे तो आहेच. मिश्री सुरू असताना व्हिनिअर करू नका असं मी सांगते. पैसे वाया जातील म्हणून नव्हे, तर त्या तोंडाला आधी दुसऱ्या गोष्टीची गरज असते म्हणून.

रात्री दात खाण्याची सवय असेल तर लपवू नका. नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचं संरक्षक कवच, लागेल.

आधी दात पांढरे करून घ्यायचे की नंतर?

आधी. सिरॅमिकचा रंग नंतर बदलत नाही. पण ब्लीचिंगनंतर दोन आठवडे थांबायचं, कारण दातात उरलेला ऑक्सिजन रेझिनला घट्ट होऊ देत नाही.

पुढचा एक दात काळा पडलाय. व्हिनिअरने झाकला जाईल?

थोडा गडद असेल तर सिमेंटची छटा आणि सिरॅमिकचा प्रकार बदलून जमतं. खूप काळा असेल, बहुतेक जुन्या मारामुळे किंवा रूट कॅनलमुळे, तर आधी आतून ब्लीच करून बघू. पातळ व्हिनिअर काचेच्या खिडकीसारखं असतं, मागचं दिसतंच.

व्हिनिअर निघालं तर?

डबीत ठेवा आणि फोन करा. घरच्या झटपट गोंदाने चिकटवू नका. तो दातासाठी नसतो, वाकडा बसतो, आणि त्याचा थर काढताना कधी कधी चांगलं व्हिनिअर फुटतं. तुकडा धुतलात तरी चालेल, फक्त बेसिनच्या भोकावर हात ठेवा. आतलं सिमेंट खरवडू नका. ते कुठे राहिलंय हे मला बघायचं असतं, कारण ते वर सांगितल्याप्रमाणे.

किती वर्षं टिकेल?

इनॅमलवर नीट चिकटवलेली व्हिनिअर दहा वर्षं आणि त्याहून जास्त टिकलेली अनेक ठिकाणी नोंदलेली आहेत. तुमचं किती टिकेल हे हिरड्या, सवयी आणि तपासणीला येणं यावर आहे. आयुष्यभराची हमी मी देत नाही. देणारा कुठे भेटला तर लेखी मागा.

(हा प्रश्न पेशंटचा नाही, नुकतंच काम सुरू केलेल्या मुलामुलींचा.) कोकणातल्या हवेत माल कसा सांभाळायचा?

मला फोन करून हे विचारणारी चार-पाच मुलं आहेत, त्यांच्यासाठी. बाँडिंगच्या बाटलीत अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोल असतं, झाकण उघडं राहिलं की उडून जातं. थेंब काढा आणि लगेच बंद करा, डबीत काढून पंधरा मिनिटं ठेवू नका. सायलेन गढूळ दिसलं की टाकून द्या, तारीख बाकी असली तरी. सिमेंट फ्रिजमध्ये ठेवत असाल तर कामाच्या तासभर आधी बाहेर काढा. थंडगार नळी लगेच उघडली की आपल्या हवेत आत दव धरतं, आणि सिमेंट घट्ट असल्याने व्हिनिअर पुरतं खालीही बसत नाही. एअर-वॉटर सिरिंजची हवा आधी आरशावर मारून बघा. आरशावर धुकं किंवा तेलाचा थेंब दिसला तर कॉम्प्रेसरमध्ये पाणी साठलंय. पावसाळ्यात ते रोज सकाळी काढावं लागतं, आणि तेवढं काढायला मदतनीसाला सांगून विसरू नका, स्वतः नळ उघडून बघा.